कॉम्प्युटरवर बोलून टाइप करायचंय, माइक कुठला घेऊ?

बोटदुख्या
मंडळी, मनगट आणि अंगठा दोन्ही संपावर गेलेत. डॉक्टर म्हणाले टायपिंग कमी करा. आता पोट ज्यावर चालतं तेच कमी कसं करायचं, म्हणून बोलून टाइप करायला लागलो. फोनवर प्रकरण झकास चालतं. पण मोठे रिपोर्ट कॉम्प्युटरवरच करावे लागतात आणि तिथे लॅपटॉपच्या माइकसमोर बोललं की एकेका परिच्छेदात इतका गोंधळ होतो की तो निस्तरताना पुन्हा बोटंच झिजतात.

काम निम्मं मराठी, निम्मं इंग्रजी. दिवसाला दोनेक तास सलग बोलणं होईल. खोलीत डोक्यावर पंखा, बाजूला लॅपटॉपचा स्वतःचा पंखा. डोळ्यासमोर चार पर्याय आहेत: यूएसबी हेडसेट, स्टँडवरचा कंडेन्सर माइक, कॉलरला लावायचा छोटा माइक, नाहीतर घरात पडलेले ब्लूटूथ इअरबड्स. मला गायचं नाही, पॉडकास्ट काढायचा नाही, आवाज गोड येवो न येवो, अक्षरं बरोबर उमटली पाहिजेत एवढंच.

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

तारसप्तक
डोळे झाकून यूएसबी कंडेन्सर घ्या. माझ्याकडे आहे, आवाज असा स्वच्छ येतो की समोरचे विचारतात स्टुडिओत बसलायस का. एकदाच खर्च करा, चांगल्यात करा.

पोटमाळा
रुमाल टाकून ठेवतोय. मलाही हेच हवंय.

शब्दशः
तारसप्तक, समोरचा माणूस ऐकतो आणि मशीन ऐकतं यात फरक आहे हो. मी रोज भाषांतराचं काम बोलून करते आणि माझं मत सरळ आहे: तोंडाजवळ दांडी येणारा साधा यूएसबी हेडसेट. दिसायला कॉल सेंटर, पण कामाला चोख. कंडेन्सर माझ्याकडेही आहे, तो मीटिंगसाठी वापरते. डिक्टेशनला नाही.

आडवा_उभा
कॉलर माइक लावून बघा. ढेकर दिली तरी टाइप होतं.

ध्वनिवेडा
शब्दशः यांच्याशी सहमत, पण कारण सांगितल्याशिवाय मला झोप येणार नाही, तेव्हा जरा लांबण लावतो.

माइक कुठल्या कंपनीचा आणि कुठल्या जातीचा हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न तो तोंडापासून किती लांब आहे हा. अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज साधारण ६ डेसिबलनी पडतो. पंख्याचा आणि खोलीत घुमणारा आवाज मात्र तेवढाच राहतो, कारण तो सगळीकडून येतोय. आता हिशोब करा. लॅपटॉपचा माइक तोंडापासून ५० सेंटीमीटरवर आहे समजा आणि हेडसेटचा अडीचवर. २० पट जवळ, म्हणजे जवळपास २६ डेसिबलचा फायदा, तोही काहीही प्रोसेसिंग न करता. एवढा फायदा कुठलंही सॉफ्टवेअर फुकटात देत नाही.

दुसरं म्हणजे घुमणं. रिकाम्या भिंती, काचा, फरशी असेल तर लांबचा माइक तुमचं वाक्य विहिरीतून आल्यासारखं ऐकतो, एका अक्षराची शेपटी पुढच्या अक्षरावर पडते. आपला मेंदू ते आपोआप गाळतो म्हणून आपल्याला जाणवत नाही, पण रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका, लगेच कळेल.

तिसरं, स्टुडिओ क्वालिटी वगैरे इथे बहुतेक वाया जाते. ओळखणारी बरीचशी मॉडेलं आवाज १६ किलोहर्ट्झवर आणि एकाच चॅनलमध्ये उतरवून घेतात. म्हणजे ८ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं तिथेच फेकलं जातं. तुमच्या कंडेन्सरने २० किलोहर्ट्झपर्यंतची झिलई पकडली तरी ती बघायला पलीकडे कोणी नाही.

तारसप्तक
अहो पण मग सगळे पॉडकास्टवाले काय वेडे आहेत का? शुअरचा एसएम७बी माइक लोक एवढा डोक्यावर घेतात तो कशासाठी?

ध्वनिवेडा
माणसांनी ऐकावं म्हणून. आणि बघा ना, ते सगळे त्याला जवळजवळ ओठ टेकवून बसतात. तो डायनॅमिक आहे, त्याचा मुळातला आवाज बारीक, तो ६० डेसिबलच्या आसपास वाढवावा लागतो (यालाच गेन म्हणतात), म्हणजे त्यासाठी बरा ऑडिओ इंटरफेसचा डबा आला, एक्सएलआर केबल आली, दांडी आली. दोन पानांचा रिपोर्ट सांगायला एवढं लटांबर कशाला? माइक उत्तम आहे, वाद नाही.

आडवा_उभा
थोडक्यात काय, माइक गिळायचा.

ध्वनिवेडा
गिळू नका, उलट समोर तर आणूच नका :) हेडसेटवाले नव्वद टक्के लोक दांडी थेट ओठांसमोर ठेवतात आणि मग म्हणतात बेकार आहे. मराठीत महाप्राण अक्षरं किती ते मोजा. ख, घ, ठ, थ, ध, फ, भ. प्रत्येकाबरोबर हवेचा एक झोत सुटतो. हाताचा पंजा तोंडासमोर धरून 'भाग' आणि 'बाग' म्हणून बघा. तो झोत सरळ माइकच्या जाळीवर आदळला की धप्प असा आवाज होतो आणि नेमका त्याच क्षणी अक्षराचा खरा आवाज त्याखाली बुडतो.

म्हणून दांडी ओठाच्या कोपऱ्याच्या बाजूला, गालापासून बोटभर दूर आणि ओठांच्या रेषेपेक्षा किंचित खाली. श्वास नाकातून सोडताना तोही त्यावर येता कामा नये. वर फोमची टोपी हवीच. ती हरवली की लोक तसंच वापरतात, तसं करू नका.

मुकामौनी
पंजा तोंडासमोर धरून भाग बाग भाग बाग करत होतो, बायको दारात उभी राहून बघतेय.

पोटमाळा
=))

बिनतारी
इथे ब्लूटूथची बाजू घ्यायला कोणी नाही असं दिसतंय तेव्हा मी घेतो. मी इअरबड्स लावून खोलीभर फिरत फिरत बोलतो. वायर नाही, अडकणं नाही, पाठही दुखत नाही. इंग्रजीत चुका फार नाहीत. मराठीत थोड्या जास्त, पण ते मराठीचंच नशीब म्हणून मी सोडून देतो.

खरखर
मराठीच्या नशिबावर ढकलू नका, ब्लूटूथचं गणित बघा.

गाणी ऐकताना इअरबड्स ज्या पद्धतीने जोडले जातात (ए२डीपी) ती एकतर्फी आहे. आवाज फक्त कानाकडे येतो. माइक चालू केला की जोडणी बदलून हँड्सफ्रीवर जाते. गाणं चालू असताना माइक उघडून बघा, गाण्याचा एकदम जुन्या रेडिओसारखा बेरंग होतो की नाही? तुमच्या आवाजाचंही पलीकडे तेच होत असतं. जुन्या प्रकारात (सीव्हीएसडी) सॅम्पलिंग ८ किलोहर्ट्झ, म्हणजे ४ किलोहर्ट्झच्या वरचं काहीच जात नाही. स, श, फ यांची ओळख पटवणारी बरीचशी ऊर्जा त्याच्या वर असते. तीच कापली तर मशीनने काय कप्पाळ ओळखायचं? त्यातल्या त्यात नवीन प्रकारात (एमएसबीसी) १६ किलोहर्ट्झ मिळतं, पण त्यासाठी इअरबड्स आणि कॉम्प्युटर दोघांनाही ते जमलं पाहिजे. एलई ऑडिओ ही ब्लूटूथची नवी पद्धत सगळीकडे रुळला की चित्र बदलेल.

शिवाय इअरबड्सचा माइक कानात, तोंड हातभर नाही पण वीतभर लांब. ते अंतर भरून काढायला आतमध्ये बरीच गाळणी लागलेली असतात.

बिनतारी
माझे एमएसबीसीवाले आहेत, आत्ताच तपासलं. म्हणजे मी वाचलो.

खरखर
अर्धे वाचलात. कानातला प्रश्न राहिलाच :) बिनतारीच हवं असेल तर ब्लूटूथ नसलेले, स्वतःचा यूएसबी डोंगल घेऊन येणारे हेडसेट बघा, त्यात तोंडाशी दांडीही असते आणि आवाजही कापला जात नाही. बॅटरी संपायची ती बरोबर महत्त्वाच्या वाक्याला संपते हा भाग वेगळा.

शब्दशः
खरखर यांच्या मुद्द्याला पुरवणी. ब्लूटूथवर माझ्याकडे ठरावीक ठिकाणीच माती व्हायची. 'खरं' चं 'करं', 'भार' चा 'बार', 'साठ' चं 'साथ'. तोच उतारा, तीच मी, तेच सॉफ्टवेअर, वायरच्या हेडसेटवर यातलं बहुतेक गेलं. जे उरलं ते ळ आणि ण, आणि ते कुठल्याही माइकने पूर्ण जात नाही. तिथे मी आवाज चढवत नाही, उलट शब्द वाक्यात घालून सांगते. एकटा शब्द सांगितला की मशीन चाचपडतं, आगेमागे चार शब्द असले की अंदाज बरोबर लागतो.

क्ष_किरण
आमच्याकडे एक्सरे आणि सीटीचे रिपोर्ट सगळे बोलूनच होतात, तेव्हा दोन शब्द लिहितो. आम्ही हेडसेट वापरत नाही, हातात धरायचा माइक असतो. फिलिप्सचा स्पीचमाइक हे त्यातलं बरंच प्रचलित नाव. अंगठ्याखाली रेकॉर्डचं बटण, शेजारी पुढे-मागे जायची बटणं. बटण दाबलं की ऐकतो, सोडलं की बहिरा. मधेच कोणी दारातून विचारलं 'सर, पुढचा पेशंट?' तर ते रिपोर्टात शिरत नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी मी तो सोडणार नाही.

पण धागाकर्त्यांचा अंगठाच दुखतोय, तेव्हा त्यांना तो सुचवणं म्हणजे जखमेवर मीठ. त्यांनी पायाने दाबायचं पेडल बघावं. रेकॉर्डिंग ऐकून टाइप करणारे वापरतात तसं यूएसबी फूट पेडल, त्याला हवी ती की लावून देता येते.

बटणवाल्या सगळ्यांना एक सूचना: बटण दाबा, अर्धा सेकंद थांबा, मग बोला. आपण दाबता दाबताच सुरुवात करतो आणि पहिला शब्द कापला जातो. आमच्या कामात 'नाही' हा पहिला शब्द कापला गेला तर अर्थाचा अनर्थ होतो.

बोटदुख्या
पेडलची कल्पना भन्नाट आहे, डोक्यातच आली नव्हती. सगळ्यांचे आभार, वाचतोय.

मुकामौनी
आमच्याकडे बटण नसल्यामुळे साहेबांना गेलेल्या पत्राचा शेवट: "आपल्या मंजुरीची प्रतीक्षा आहे अगं आलो म्हटलं ना दोन मिनिटं". मंजुरी मात्र आली.

आडवा_उभा
दोन मिनिटांत आली का?

जुनाजाणता
तुम्ही लोक फार सुखात आहात. १९९० चं ड्रॅगन डिक्टेट हे प्रकरण असं होतं की प्रत्येक शब्दानंतर. थांबावं. लागायचं. असं. सलग बोललेलं समजणारी सर्वसामान्यांसाठीची सॉफ्टवेअर आली १९९७ ला, ड्रॅगन नॅचरलीस्पीकिंग आणि त्याच वर्षी आयबीएमचं व्हायाव्हॉइस. तेव्हा आधी उतारे वाचून त्याला आपला आवाज शिकवायला लागायचा. आणि गंमत म्हणजे खोक्यातच तोंडाशी येणारा हेडसेट मिळायचा. त्या लोकांना तेव्हाच माहीत होतं की माइक सुटला तर सगळं सुटलं. मराठी तर स्वप्नातही नव्हतं, गूगलने मराठी व्हॉइस टायपिंग आणलं तेच २०१७ च्या ऑगस्टमध्ये.

अवांतर: अमेरिकेत कोर्टातले काही लेखनिक तोंडाला घट्ट बसणारा मास्क लावतात, आतमध्ये माइक. कोर्टात जे बोललं जातं ते हे मास्कात पुटपुटतात, बाहेर कोणाला ऐकू येत नाही. स्टेनोमास्क म्हणतात त्याला, १९४० च्या दशकापासूनची चीज आहे. ऑफिसात शेजाऱ्याला त्रास नको असेल तर उत्तम उपाय. फक्त शेजारी तुमच्याकडे बघायचा थांबणार नाही.

पोटमाळा
मला हाच पाहिजे. ऑफिसात मी डार्थ व्हेडर.

लेखणीबहाद्दर
मी जरा वेगळा सूर लावतो, राग नसावा. माइक कुठलाही घ्या, पण लिहिणं बोटांतून होतं, तोंडातून नाही. मी प्रयत्न केला, पण बोलायला लागलो की वाक्यं लांबतात, तेच ते तीनदा येतं, 'म्हणजे काय तर' असलं काहीतरी दर ओळीला. टाइप करताना हात हळू चालतो म्हणून डोकं विचार करतं. बोलताना डोकं मागे राहतं.

शब्दशः
हे पहिल्या काही आठवड्यांत सगळ्यांचं होतं. वाक्य आधी डोक्यात पुरतं जुळवायचं, मग एका दमात सांगायचं, मग गप्प. बोलता बोलता जुळवलं की 'म्हणजे काय तर' येणारच. आणि एका दमात सांगितलेलं वाक्य मशीनलाही बरोबर ऐकू येतं, तुटक तुटक सांगितलेलं नाही.

लेखणीबहाद्दर
एका दमात जुळवायला आम्ही काय कीर्तनकार आहोत का! असो. पत्रव्यवहाराला चालेल, ललित लेखनाला मी तरी नाही वापरणार.

बोटदुख्या
लेखणीबहाद्दर, बोटं दुखायला लागली की ललित आणि व्यवहारी हा भेद उरत नाही हो. पण मुद्दा पटला, माझेही रिपोर्ट हल्ली दीडपट लांब व्हायला लागलेत.

खरखर
मूळ विषयावर येतो. माइक विकत घेण्याआधी या गोष्टी बघा, नाहीतर नवीन माइक लावूनही तेच रडगाणं.

सगळ्यात आधी हे बघा की कॉम्प्युटर नक्की कुठला माइक ऐकतोय. नवीन हेडसेट लावला म्हणजे तोच निवडला गेला असं नाही. सिस्टिमची निवड वेगळी, ब्राउझरची वेगळी. गूगल डॉक्समध्ये व्हॉइस टायपिंग वापरत असाल (कंट्रोल शिफ्ट एस) तर ब्राउझरच्या माइकच्या सेटिंगमध्ये जाऊन यादीतून हेडसेट निवडावा लागतो. व्हिडिओ कॉलनंतर निवड बदलून बसते तेही बघत जा. सोपी परीक्षा म्हणजे बोलता बोलता नखाने हेडसेटचा फोम खरवडा. सेटिंगमधली आवाजाची पट्टी हलली तर तोच चालू आहे. मग लॅपटॉपच्या कडेला खरवडा, तिथे हलली तर उत्तर मिळालं.

दुसरं, गेन. साधारण नेहमीच्या आवाजात बोलताना शिखरं उणे १२ डेसिबलच्या आसपास राहिली पाहिजेत. शून्याला टेकली की लाटेचा माथा कापला जातो आणि ते नंतर कुठल्याही उपायाने भरून येत नाही. कमी आवाज एकवेळ चालतो, फाटलेला चालत नाही.

तिसरं, ३.५ मिमीची पिन. लॅपटॉपला एकच भोक असेल तर त्याला चार पट्ट्यांची पिन लागते (तीन काळ्या रिंगा दिसतील). डेस्कटॉपला गुलाबी आणि हिरवं अशी दोन वेगळी भोकं असतात. फोनबरोबर आलेली पिन गुलाबीत खुपसली की माइक मुका. त्याला छोटा वाय आकाराचा जोड मिळतो. यूएसबी घेतलात तर ही कटकटच नाही, आणि चार्जर लावल्यावर काही लॅपटॉपवर अ‍ॅनालॉग माइकमध्ये जी गूं गूं ऐकू येते तीही बहुतेक वेळा टळते, कारण आवाजाचे आकडे हेडसेटच्या बाजूलाच तयार होतात.

तारसप्तक
आणि पंखा? त्याला नॉइज सप्रेशन लावा, विषय संपला. आजकाल एआयवाली इतकी भारी आलीयेत की शेजारी मिक्सर लावला तरी कळत नाही.

ध्वनिवेडा
हा विषय तिथे संपत नाही, तिथे सुरू होतो. ती गाळणी माणसाच्या कानाला बरं वाटावं म्हणून केलेली असतात. गोंगाटाबरोबर ती स, श, ह असले खसखसणारे आवाजही चावतात, कारण त्यांना ते पंख्यासारखेच वाटतात. माणसाला कळत नाही, तो संदर्भाने भरून घेतो. मशीनला मात्र असा चावलेला आवाज ओळखायची सवय नसते. उलट हल्लीची मॉडेलं गोंगाटासकटच शिकलेली असतात. २०२२ ला आलेलं ओपनएआयचं व्हिस्पर हे बोलणं ओळखणारं मॉडेल इंटरनेटवरच्या ६ लाख ८० हजार तासांच्या आवाजावर तयार झालंय, त्यात सगळंच काही स्टुडिओतलं असणार नाही. तेव्हा थोडा पंखा त्यांना चालतो. आवाज उकरून काढलेला चालेलच असं नाही.

पंखा डोक्यावर असेल तर त्याच्या आवाजापेक्षा वारा जास्त छळतो. फोम घाला. लॅपटॉपचा पंखा असेल तर कार्डिऑइड (समोरचं जास्त ऐकणाऱ्या) माइकची पाठ त्याच्याकडे करा. कार्डिऑइड मागच्या बाजूला सगळ्यात बहिरा असतो. सुपरकार्डिऑइड घेतलात तर मात्र त्याचा बहिरा भाग सरळ मागे नसून तिरका, साधारण १२६ अंशांवर असतो, तिथे पाठ करून उपयोग नाही, कूस करावी लागते.

तारसप्तक
सप्रेशन बंद करून दाखवा आणि माझ्या घरी डिक्टेशन करा. रस्त्याला लागून खोली आहे.

ध्वनिवेडा
तुमच्याकडे सप्रेशन चालू ठेवलेलं बरं ठरेलही, नाकारत नाही. आपोआप लावून टाकू नका एवढंच म्हणणं. चालू करून बघा, बंद करून बघा.

शब्दशः
बघा म्हणजे कसं बघा ते सांगते, कारण 'मला बरं वाटतंय' यावर माझा विश्वास नाही. ज्या दिवशी आपला मूड चांगला त्या दिवशी माइकही चांगला वाटतो.

आपल्याच कामातला दोन-तीनशे शब्दांचा एक उतारा घ्या. त्यात आकडे, माणसांची आडनावं, ळ-ण, जोडाक्षरं, मधेच चार इंग्रजी शब्द असं सगळं असू दे. प्रत्येक माइकवर तोच उतारा एकाच वेगाने वाचून आधी फाइल म्हणून रेकॉर्ड करा, आणि मग त्या सगळ्या फाइली एकाच सॉफ्टवेअरला द्या. थेट बोलून तुलना करू नका, आपण नकळत नीट बोलायला लागतो. मग चुकीचे आलेले शब्द, गाळलेले शब्द आणि उगीच घुसलेले शब्द यांची बेरीज करून मूळ शब्दांच्या संख्येने भागा. २५० शब्दांत २० चुका म्हणजे ८ टक्के. याच आकड्याला त्या क्षेत्रातले लोक वर्ड एरर रेट म्हणतात. तुमचा आवाज, तुमची खोली, तुमचा उतारा. इथल्या आमच्या कोणाच्याही मतापेक्षा तो आकडा खरा.

पोटमाळा
वाचनखूण साठवली.

क्ष_किरण
शब्दशः, हे उत्तम. एक भर: चुका नुसत्या मोजू नका, वेगळ्या काढा. 'आहे' चं 'आहेत' झालं तर चालतं, १५ चे ५० झाले तर नाही. माझ्या मते दहा किरकोळ चुकांचा माइक एका घातक चुकीच्या माइकपेक्षा बरा.

बिनतारी
ही परीक्षा इअरबड्सवर घेतली. निकाल जाहीर करत नाही.

आडवा_उभा
आम्हाला कळला.

बोटदुख्या
मित्राकडून यूएसबी हेडसेट आणि दुसऱ्याकडून स्टँडवाला कंडेन्सर उसना आणून शब्दशः यांची पद्धत लावली. लॅपटॉपचा माइक २१ टक्के. कंडेन्सर टेबलावर मॉनिटरच्या शेजारी ठेवून १३. तोच कंडेन्सर पुस्तकांच्या गठ्ठ्यावर चढवून तोंडापासून वीतभर अंतरावर आणला तर ७. हेडसेट ६. मराठी उताऱ्याचे आकडे आहेत, इंग्रजीत सगळेच याहून बरे आणि फरक कमी.

म्हणजे तारसप्तक आणि ध्वनिवेडा दोघंही आपापल्या जागी बरोबर निघताय. एक शंका: हेडसेट एका कानाचा घ्यावा की दोन्ही कानांचा?

तारसप्तक
बघा! वीतभर अंतरावर ७. एक आडवी दांडी टेबलाला लावा, कंडेन्सर तिला अडकवा, डोक्यावर काही नको, कान गरम होत नाहीत. १ टक्क्यासाठी दोन तास डोक्यावर पट्टा कोण बांधून घेणार?

ध्वनिवेडा
१ टक्का तर सोडूनच द्या, एवढ्याशा उताऱ्यात तो फरक मोजण्यासारखा नाही. मान्य. पण एक गोष्ट त्या परीक्षेत येत नाही. उतारा वाचताना तुम्ही माइकसमोर स्थिर होतात. काम करताना तुम्ही दुसऱ्या मॉनिटरकडे वळाल, मागे रेलाल, कागद उचलायला वाकाल. डोक्यावरचा माइक तुमच्याबरोबर वळतो, दांडीवरचा नाही. तुम्ही स्थिर बसणारे असाल तर तारसप्तक यांचं ऐका, चुळबुळे असाल तर हेडसेट.

कानाचं म्हणाल तर मी एका कानाचा घेईन. दोन्ही कान झाकले की स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही आणि माणूस नकळत ओरडायला लागतो. कानावर गोंगाट पडला की आवाज चढतो ही गोष्ट एतिएन लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्येच मांडली होती, त्याच्याच नावाने ओळखली जाते. चढलेला आवाज घशाला वाईट. दोन्ही कानांचाच घ्यायचा असेल तर साइडटोन असलेला बघा, म्हणजे आपलाच आवाज थोडा कानात येतो.

मुकामौनी
मी तर मुळात ओरडूनच बोलतो, मला माइकशिवायचं सॉफ्टवेअर सुचवा.

जुनाजाणता
घशाचा विषय निघालाच आहे तर, बोटदुख्या, बोटांचं दुखणं घशावर ढकलू नका. सलग दोन तास बोलू नका, मधे मधे गप्प बसा, पाणी प्या, आणि बातम्या वाचल्यासारखा आवाज काढू नका. आपल्या बोलण्याच्या पट्टीतच बोला.

खरखर
रिपोर्ट गोपनीय असतील तर अजून एक. ब्राउझरमधलं व्हॉइस टायपिंग आवाज बाहेरच्या सर्व्हरवर पाठवतं. तसं नको असेल तर व्हिस्परसारखं मॉडेल आपल्याच कॉम्प्युटरवर चालवता येतं, मराठीही येतं त्याला. ग्राफिक्स कार्ड बरं हवं, नाहीतर वाट बघत बसावं लागतं. आणि त्या जातीची मॉडेलं लांब शांततेत स्वतःच्या मनाने वाक्यं रचतात, न बोललेली. तिथे पेडल कामाला येईल, बोलायचं नसेल तेव्हा माइक बंदच.

बोटदुख्या
एका कानाचा यूएसबी हेडसेट आणि पेडल घ्यायचं नक्की केलं, मी चुळबुळ्याच आहे. कंडेन्सर मित्राला परत, तारसप्तक यांनी माफ करावं.

आता विरामचिन्हांचं काय करता तुम्ही लोक? मी 'पूर्णविराम' म्हणतो आणि ते मला इमानेइतबारे पूर्णविराम हा शब्द टाइप करून देतं.

शब्दशः
ते सॉफ्टवेअरवर आणि भाषेवर अवलंबून आहे. इंग्रजीत बोललेली चिन्हं बहुतेक ठिकाणी चालतात, मराठीत सगळीकडे नाही. मी 'पूर्णविराम' असंच बोलते आणि शेवटी एकदम शोधा-बदला करून सगळ्यांचं चिन्ह करून टाकते. आधीची जागा पण शोधायच्या शब्दात घ्यायची, म्हणजे चिन्हामागे मोकळी जागा राहत नाही. स्वल्पविरामाचंही तेच.

आडवा_उभा
आणि रिपोर्टच पूर्णविरामावर असेल तर?

शब्दशः
मग एकेक बघून बदला. अंगठ्याने नाही, पेडलने.

पोटमाळा
पेडल कुठली की दाबतं ते कसं ठरवायचं? खरखर, सवडीने लिहा ना जरा.